विश्वामित्रीच्या काठी नवं बिऱ्हाड

गाडी नर्मदेवर आली तेव्हा नुकतं उजाडत होतं. शेजारून जुना लोखंडी पूल धावत होता, १८८१ साली पुरा झालेला, ज्याला सगळे गोल्डन ब्रिज म्हणतात तो. पात्र इतकं रुंद की पूल संपतच नाही असं वाटावं. खाली भरतीचं मातकट पाणी आणि मधेच वाळूचे लांब पट्टे होते. मी नवऱ्याला उठवलं. नर्मदा ओलांडताना माणसानं झोपून राहू नये, असं माझी आजी म्हणायची. तिनं नदीत टाकायला म्हणून दिलेलं नाणं मी खिडकीच्या गजातून टाकलं. भरूच मागे पडलं की तासाभरात बडोदं येतं.

जून २०२४. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. सोबत दोन मोठ्या बॅगा, कुकर आणि माझ्या पुस्तकांचा एक खोका. बाकीचं सामान घर मिळाल्यावर ट्रकनं यायचं होतं. नवऱ्याला बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्यात नोकरी लागली होती. तिथं मेट्रोचे डबे बनतात. मी पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकून एका महाविद्यालयात कंत्राटावर काम करत होते, ते सोडून आले होते. निघताना आमच्यात एक गोष्ट स्पष्ट बोलून झाली होती. वर्षभरात मला माझ्या विषयातलं काम मिळालं नाही, तर दोघांनीही पुण्याची वाट धरायची. त्याची नोकरी कितीही चांगली चालली असली तरी. हे आधी तोच बोलला होता, म्हणून मी निश्चिंत होते. आणि तरीही मला धास्ती वाटत होती, कारण माणूस खरंच रुळला की त्याला तिथून उठवणं अवघड असतं.

मला बडोदं माहीत होतं ते सयाजीरावांचं म्हणून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात बडोद्याचं नाव काढा, सयाजीराव महाराज निघतातच. तिथं राहायला लागल्यावर मात्र मला ते शहर दुसऱ्याच अंगानं दिसू लागलं. बडोदं बाहेरून आलेल्या माणसांनी घडवलं. राजासुद्धा बाहेरचाच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि त्याचा सयाजीराव झाला. त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं. नव्या घरात, नव्या भाषेच्या मुलखात, एकदम सगळंच शिकायची वेळ त्या मुलावर आली. पुढं याच माणसानं १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, मुलींनासुद्धा. त्यानं माणसं गोळा केली ती जगभरातून. इमारतींसाठी वास्तुविशारद चिझम आला. सुरतेचे त्रिभुवनदास गज्जर आले आणि १८९० मध्ये कलाभवन उभं राहिलं. दादासाहेब फाळके तिथं शिकले. अरविंद घोष १८९३ मध्ये विलायतेहून थेट बडोद्याच्या नोकरीत आले आणि १९०६ पर्यंत राहिले. हे सगळे कधीतरी आमच्यासारखेच सामान घेऊन स्टेशनवर उतरले असतील, हा विचार मला त्या पहिल्या आठवड्यांत फार आधार द्यायचा.

कंपनीच्या गेस्टहाऊसमध्ये राहून आम्ही घर शोधत होतो. संध्याकाळी हा सावलीहून आला की एजंटच्या मागं स्कूटरवरून निझामपुरा, समा, कारेलीबाग, फतेगंज. बडोद्याचे रस्ते रुंद आणि सावलीचे, वडांनी आणि कडुनिंबांनी भरलेले. उन्हाचा कडाकाही त्यांच्याखाली निम्मा होतो. घरं चांगली होती, भाडं पुण्याच्या मानानं कमी होतं. अडायचं ते प्रश्नांवर. मांसाहार करता का, हा पहिला प्रश्न. करतो म्हटलं की निम्मी दारं तिथंच बंद. दुसरा प्रश्न, 'तमे केवा?' म्हणजे तुम्ही कोण, कुठल्या समाजाचे. एका घराची गच्ची मला फार आवडली होती. मालकांनी चहा दिला, आडनाव विचारलं, मग आडनावामागचं विचारलं. नवऱ्यानं शांतपणे म्हटलं, "काका, ते आम्ही सांगत नाही. पगाराची स्लिप आहे, ती दाखवतो." दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला की घर नातेवाइकांना दिलं.

त्या रविवारी आम्ही सयाजीबागेत गेलो. जुने लोक तिला कामाटीबाग म्हणतात. १८७९ मध्ये विश्वामित्री नदीच्या दोन्ही काठांवर महाराजांनी ही बाग लोकांसाठी उभारली. आत संग्रहालय आहे. तिथं १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा दालनभर पसरलाय आणि मुलं त्याच्या बरगड्या मोजत उभी असतात. पण आम्ही गेलो होतो ते बागेतल्या संकल्पभूमीला, डॉ. आंबेडकरांच्या आठवणीच्या जागी.

१९१७ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. आंबेडकर बडोद्यात नोकरीला आले. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेला, पंचविशी ओलांडलेला तरुण. शिष्यवृत्तीच्या करारानुसार राज्याची सेवा करायची म्हणून आला. त्याला शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत तो नाव बदलून राहिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडं त्यानं निवारा मागितला. दोघांनीही अंग काढून घेतलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता, तेवढा वेळ तो या बागेत येऊन बसला. आंबेडकरांनी स्वतःच हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलंय. मी ते कॉलेजात वाचलं होतं. पण त्या जागी उभं राहून ते आठवणं फार वेगळं होतं. पदव्या होत्या, नोकरी होती, राजा पाठीशी होता, आणि रात्री पाठ टेकायला चार हात जागा नव्हती.

आमच्या अडचणीची त्याच्याशी तुलनाच नको. आम्हाला गेस्टहाऊस होतं, हातात फोन होता, आणि दार बंद झालं तर दुसरं ठोठावायची मुभा होती. पण प्रश्न तोच होता, शंभर वर्षांनंतरही, चहाच्या कपासोबत विचारलेला. आम्ही तिथंच ठरवलं, की या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही आणि उत्तर द्यावं लागेल ते घर घ्यायचं नाही. असं ठरवल्यानं शोध लांबला. मला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी समा भागात दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. मालक-मालकीण खाली राहायचे, दोघंही निवृत्त शिक्षक. त्या बेननी एवढंच विचारलं, की दोघंही नोकरी करणार का, म्हणजे पाण्याची मोटार कधी लावायची ते ठरवता येईल. मी म्हटलं, "करणार. मला अजून मिळायची आहे." त्या म्हणाल्या, "मळी जशे, बेटा." मिळेल. तितक्या साध्या खात्रीनं तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याची सकाळ लवकर सुरू व्हायची. कंपनीची बस समा-सावली रस्त्यावरच यायची. तो वेल्डिंगच्या गुणवत्तेचं बघायचा. मेट्रोच्या डब्याचं अंग स्टेनलेस स्टीलच्या पातळ पत्र्याचं असतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रा ओढला जातो, वाकतो. डोळ्यांना न दिसणारी एखादी चीर जोडात राहिली तर ती वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी वाढत जाणार. स्टेनलेस स्टीलची ही जात चुंबकाला दाद देत नाही, म्हणून चुंबकी तपासणी चालत नाही. तिथं रंगाची तपासणी करतात. जोड आधी स्वच्छ करायचा, त्यावर लाल द्रव फवारायचा आणि थांबायचं. द्रव इतका पातळ असतो की केसापेक्षा बारीक चिरेतही आपोआप शिरतो. मग वरचा लाल रंग पुसून काढायचा, फडक्यानं, थेट फवारा न मारता, नाहीतर चिरेतलाही निघून जाईल. आणि त्यावर पांढरी भुकटी फवारायची. भुकटी चिरेतला द्रव वर ओढून घेते. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटते. "थांबणं हेच काम," तो म्हणायचा. "घाई केली की चीर दिसतच नाही." जेवताना तो हे सांगायचा तेव्हा त्याच्या बोटांच्या पेरांवर लाल छटा असायची. मला त्याचं बोलणं आवडायचं आणि त्याच वेळी आत काहीतरी टोचायचं. त्याच्याकडं रोज सांगायला काहीतरी होतं. माझ्याकडं भाजीचे भाव होते.

म्हणून मी दुपारी बाहेर पडायला लागले. बसनं न्यायमंदिराशी उतरायचं, लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरायचं, की जुनं शहर सुरू. कापडाची दुकानं, भांड्यांची दुकानं, गल्लीच्या तोंडाशी उसळणारी गर्दी आणि मधोमध चार रस्त्यांवर पाय रोवून उभी असलेली मांडवी. दुसऱ्या बाजूला रावपुरा आणि दांडिया बाजार. तिथं पाट्यांवर मराठी आडनावं दिसतात. जुम्मादादांचा आणि माणिकरावांचा आखाडा तिथलाच. कवी माधव ज्युलियन याच शहरात जन्मले. १९२१ चं साहित्य संमेलन इथं झालं ते न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली, आणि २०१८ मध्ये ते पुन्हा बडोद्यात भरलं. दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या ओट्यावर बसलेल्या आजींनी मला हटकलं, कोणाकडची म्हणून. कोणाकडचीच नाही, नवीन आलेय, म्हटल्यावर त्यांनी मला आत बोलावून कैरीचं पन्हं दिलं. त्यांच्या चार पिढ्या इथं गेल्या होत्या. खापरपणजोबा कारकून म्हणून आले होते, सरकारी दप्तरात.

खाण्याचं सांगायचं तर बडोद्याची सेव-उसळ. पुण्याच्या मिसळीवर वाढलेल्या माणसानं तुलना करायला जाऊ नये, हा वेगळाच प्रकार आहे. उसळ पांढऱ्या वाटाण्याची, पातळ, जवळजवळ रस्साच. वाटीत उसळ घेतात, वर लालभडक तरी, मूठभर जाडी शेव, बारीक चिरलेला कांदा आणि पात, लिंबू. पाव सोबत. शेव थोडी थोडी घालत राहायची, सगळी एकदम घातली तर तिचा लगदा होतो. तरी कमी झाली की माणूस येऊन न विचारता वाढून जातो. पावसाळ्यात, उभ्यानं, घाम पुसत खाल्लेली सेव-उसळ हा आमचा शनिवार संध्याकाळचा नेम झाला.

पण माझं खरं ठिकाण ठरली ती मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात बडोद्याचं नाव पहिल्याच सत्रात येतं. सयाजीराव अमेरिकेत फिरले तेव्हा त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि १९१० मध्ये न्यू हेवनहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. महाराजांच्या खासगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं या ग्रंथालयाचा पाया. बॉर्डन तीन वर्षं राहिला आणि गावोगाव ग्रंथालयं सुरू करण्याची घडी बसवून गेला. गावानं काही रक्कम उभी करायची, सरकार आणि प्रांत पंचायत त्यात आपापली भर घालणार. आणि जिथं ग्रंथालय नाही तिथं फिरतं ग्रंथालय. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावाला पाठवायची, वाचून झाली की परत मागवून दुसरी पेटी. ज्या काळात देशात बहुतेक ठिकाणी वाचनालय म्हणजे शहरातल्या शिकलेल्यांची सोय होती, त्या काळात हे राज्य पेट्या भरून खेड्यांत पुस्तकं धाडत होतं. 'श्री सयाजी साहित्यमाले'तून मराठी आणि गुजराती, दोन्हींत पुस्तकं काढत होतं, ती वेगळीच.

पुस्तकांच्या मांडणीचा भाग मी प्रथम पाहिला तेव्हा कितीतरी वेळ जिन्यातच उभी राहिले. कपाटं लोखंडी, मजल्यावर मजला, आणि मधली जमीन जाड काचेची. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून गाळून खाली येतो, हिरवट, मऊ. वर कोणी चाललं की त्याची पावलं सावलीसारखी डोक्यावरून सरकतात. लाकूड नाही म्हणजे आगीची आणि वाळवीची भीती कमी. उजेड खालपर्यंत पोचतो म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचं नाव दिवा न लावता वाचता येतं. वर्गात फळ्यावर शिकलेल्या साऱ्या गोष्टी तिथं शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी लोखंडात आणि काचेत करून ठेवल्या होत्या. त्या दिवशी रात्री जेवताना मी बोलत होते आणि नवरा ऐकत होता. दुसऱ्या रविवारी तो माझ्याबरोबर आला आणि कपाटांचे सांधे बघत बसला.

मी अर्ज टाकत होते. शाळा, महाविद्यालयं, संस्था. बहुतेकांकडून उत्तर नाही, एकदोघांकडून गुजराती येतं का अशी विचारणा. मी मालकीणबाईंकडं गुजराती लिपी शिकायला बसले. जुलैत एका रविवारी आम्ही पावागडला गेलो. पायथ्याशी चांपानेर आहे, महमूद बेगड्यानं नव्यानं वसवलेली राजधानी, आज युनेस्कोच्या यादीत असलेली. मशिदींच्या जाळीदार खिडक्यांतून पाऊस आत येत होता आणि आम्हा दोघांशिवाय तिथं फारसं कोणी नव्हतं. नवऱ्यानं मला गडाच्या उतारावरून वाहणारे ओहोळ दाखवले. विश्वामित्री याच डोंगरातून निघते. तिथं ती इतकी लहान होती की तिच्यापासून कुणाला काही धोका असेल हे मनातही येऊ नये.

बडोद्यात ती शहराच्या मधून वळणं घेत जाते आणि तिच्यात मगरी आहेत. एकदोन नव्हेत, शेकड्यांनी. काठावर पहुडलेल्या मगरी लोक पुलावरून बघत उभे राहतात आणि आपापल्या कामाला जातात. नदीला लागून असलेल्या समात राहताना या शेजाराचीही सवय होते.

ऑगस्टच्या शेवटी, जन्माष्टमीच्या दिवशी, पाऊस लागला तो थांबेना. वर आजव्याचा तलाव भरला होता. महाराजांच्याच काळात शहराच्या पिण्यासाठी बांधलेला तो तलाव, त्याचं पाणी शेवटी विश्वामित्रीतच उतरतं. नदीची धोक्याची पातळी २५ फूट, ती ३५ च्याही वर गेली. आमच्या गल्लीत पाणी आलं ते आवाज न करता, गटारांतून वर चढत. मालक-मालकीण वर यायला तयार नव्हते, कारण खाली बाळकृष्णाचा पाळणा मांडलेला होता. मग नवऱ्यानं पाळणा उचलला, मी देव्हारा उचलला आणि आम्ही सगळे वर आलो. आमच्या हॉलमध्ये मध्यरात्री जन्म झाला, मेणबत्तीच्या उजेडात. वीज गेली होती. पायऱ्यांवर पाणी किती चढलं ते नवरा टॉर्च घेऊन दर तासाला बघून यायचा. मालक, म्हणजे आमचे काका, कित्येक रात्री आमच्या सतरंजीवर झोपले आणि सकाळी मला "पोरी, चहा कर" म्हणायला लागले. नदीतून वस्तीत शिरलेल्या मगरी वनखात्याचे लोक आणि स्वयंसेवक पकडून नेत होते. शेजारच्या सोसायटीतून एकीला बांधून नेताना आम्ही गच्चीवरून पाहिलं. लष्कर आलं, बोटी आल्या. दूध ट्रॅक्टरवरून आलं.

पाणी ओसरलं तेव्हा सगळीकडं गुडघाभर चिखल आणि एकच वास. तळमजल्यांवरची घरं रस्त्यावर आली होती. गाद्या, फ्रिज, लग्नाचे अल्बम. खालच्या घराची साफसफाई करताना मला मधेच एका महाविद्यालयाची आठवण झाली. मी तिथं अर्ज केला होता आणि त्यांचं ग्रंथालय तळमजल्यावर होतं. मी चालत गेले. खालचे दोन-तीन कप्पे पाण्यात बुडून गेलेले. शिपाई आणि काही विद्यार्थी भिजलेली पुस्तकं गच्चीवर नेऊन उन्हात उघडी टाकत होते. मन लावून करत होते, पण त्यानं कागद करपतो, आक्रसतो, बांधणी फुटते. मी तिथल्या प्राचार्यबाईंना सांगितलं, की मी ग्रंथपाल आहे, मला यातलं थोडं माहीत आहे, हात लावू का.

भिजलेल्या पुस्तकाला दोन शत्रू. वेळ आणि उबारा. ओल्या दमट हवेत दोनतीन दिवसांत बुरशी धरते, त्याच्या आत काय ते करायचं. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलंच ठेवून, घट्ट धरून स्वच्छ पाण्यात बुडवायचं आणि कडा हलकेच पुसायच्या. उघडून पुसायला गेलं की चिखल पानांत शिरतो. मग उभं करायचं, पानं पंख्यासारखी किंचित फाकवून, खाली टीपकागद घालून. फार ओलं असेल तर दर काही पानांनंतर कोरा टीपकागद घालायचा आणि तो भिजला की बदलायचा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. ऊन नको, वारा हवा. आणि गुळगुळीत कागदाची, चित्रांची पुस्तकं सर्वांत आधी बघायची, कारण ती वाळताना पानं एकमेकांना अशी चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. हे ज्ञान जगाला मिळालं ते बरंचसं १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरातून, जेव्हा तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात नदी शिरली. माझ्या पुण्याच्या बाईंनी ते शिकवताना पानशेतच्या पुराची आठवण काढली होती.

टीपकागद कुठून आणायचा, एवढे पंखे कुठून आणायचे? मी नवऱ्याला फोन केला. कारखाना अजून पूर्ण सुरू झाला नव्हता. तो आणि त्याचे दोन सहकारी संध्याकाळी टेम्पो घेऊन आले, त्यात मोठे पंखे, जनरेटर, धागे न सुटणाऱ्या कापडाचे गठ्ठे. मी त्याला टीपकागद घालायला शिकवलं. त्यानं एक पान घेतलं, कागद ठेवला, आणि पाणी कागदात वर चढताना पाहत राहिला. "अगं," तो म्हणाला, "ही तर आमची पांढरी भुकटी." तेच होतं. चिरेत शिरलेला लाल द्रव भुकटीनं वर ओढून घ्यावा तसं पानांतलं पाणी टीपकागद ओढून घेत होता, आणि दोन्हीकडं थांबावंच लागत होतं. मग त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याच्यासारखी सबुरी माझ्याही बोटांत नव्हती.

सगळीच पुस्तकं एकदम वाळवता येणार नव्हती. त्याच्या सहकाऱ्याच्या मेव्हण्याचं आईस्क्रीमचं कोल्ड स्टोरेज होतं, उणे १८ अंशाचं, नदीपासून दूर. पुस्तकं गोठवली की बुरशी थांबते, मग सवडीनं थोडी थोडी काढून वाळवता येतात. मेव्हण्यानं एक कोपरा मोकळा करून दिला. आम्ही पुस्तकं मेणकागदात गुंडाळून, खोक्यांत भरून, प्रत्येक खोक्यावर यादी चिकटवून पाठवली. विद्यार्थिनींनी याद्या केल्या, गुजरातीत. मी वाचू शकत होते. सर्वांत खालच्या कप्प्यात सयाजी साहित्यमालेचे काही जुने मराठी खंड निघाले. बऱ्याच वर्षांत कुणी नेलेले नव्हते. त्यांच्या कापडी बांधणीचा रंग पानांत उतरला होता, पण अक्षर शाबूत होतं. कलेची मोठी चित्रपुस्तकं मात्र गेली. ती विटांसारखी घट्ट होऊन बसली होती आणि मला त्यांच्यासाठी काही करता आलं नाही.

७ सप्टेंबरला गणपती आले. भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती, तिच्यावरच मखर उभे राहिले. दांडिया बाजारातल्या आजींनी आरतीला बोलावलं होतं, पण आम्ही दोघं महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच होतो, कारण कोल्ड स्टोरेजमधून पहिली खेप आली होती. प्रसाद विद्यार्थिनींनी आणला. नवरात्राच्या आधी प्राचार्यबाईंनी मला बोलावून नेमणुकीचं पत्र दिलं. आधी कंत्राट, मग रीतसर निवड. मुलाखतीत त्यांनी मला पुराबद्दल काहीच विचारलं नाही, वर्गीकरणाबद्दल विचारलं. मला ते फार बरं वाटलं.

आता आम्ही दोघंही सकाळी एकाच वेळी बाहेर पडतो. तो उत्तरेला, मी दक्षिणेला. संध्याकाळी दोघांकडंही सांगायला असतं. काकांनी आग्रह केला म्हणून घर तेच ठेवलं, पण खालच्या मजल्यावरच्या त्यांच्या पुस्तकांसाठी मी भिंतीत उंचावर कपाट करून घेतलं. एका रविवारी आम्ही डभोईला गेलो. तिथून मियागामपर्यंत १८६२ साली बडोदे संस्थानानं नॅरोगेज रूळ टाकले होते आणि त्यावरून डबे बैल ओढायचे. मेट्रोचे डबे करणाऱ्या माणसानं ते ठिकाण पाहायलाच हवं होतं. आता तिथून ब्रॉडगेज जाते.

ऑक्टोबरच्या शेवटी बडोद्यात विमानांचा कारखाना सुरू झाला, सी-२९५ जातीची लष्करी मालवाहू विमानं जोडणारा. तेव्हापासून नवऱ्याला फोन येतात. नाशिकहून, नागपूरहून, कॉलेजच्या धाकट्या मुलांचे. घर कुठं बघू, भाडं किती. तो फोन माझ्याकडं देतो. मी सांगते, की तळमजला घेऊ नकोस, २०२४ ला पाणी कुठवर आलं होतं ते मालकाला नको, शेजाऱ्यांना विचार. जात विचारली तर उठून ये, शहरात दुसरी घरं आहेत. परवा असाच नाशिकच्या एका मुलाचा फोन होता. नुकतं लग्न झालेलं, जानेवारीत रुजू व्हायचं. त्याचं घराचं सगळं विचारून झाल्यावर मी म्हटलं, जरा बायकोला फोन दे. ती संकोचत बोलली. लॅब टेक्निशियनचं काम करत होती नाशिकला, आता सोडावं लागेल म्हणाली. इथं कोणी ओळखीचं नाही, आधी घर लागू दे, मग माझं बघू.

"नाही," मी म्हटलं. "तू बायोडेटा आजच पाठव. घर आपण नंतर बघू."